जावक क्रमांक एकोणीस

१२ सप्टेंबर २०११, सोमवार

काल गणपती गेले आणि आज मी नवी वही काढली. जुनीत अजून वीसेक पानं कोरी आहेत, पण आजपासून मी एका नाही, दोन मंडळांची चिटणीस आहे. वही पण नवी हवी. हे म्हणाले, "कारभार वाढला वाटतं!" वाढलाच आहे. माधवगंजातलं आमचं मराठी मंडळ आणि दर्पण कॉलनीतलं त्यांचं मराठी मंडळ शनिवारच्या सभेत एकदाची एक झाली. पंधरा वर्षं नुसती चर्चा. या हिंदी मुलखात मराठी माणसं मुळात थोडी, इकडे आम्ही भिक्षुक-कारकुनांची घरं, तिकडे जास्त करून फौजी घराणी, आणि दोन्हीकडे गणपतीची आरती दहाच माणसांत. आता एक मंडळ, एक कोजागिरी.

हे सगळं घडवलं ते लीलाने आणि मी. आम्ही दोघी एकाच सरकारी ऑफिसात एकतीस वर्षं शेजारी बसलो. माझं टेबल आवक, तिचं जावक. येणारा प्रत्येक कागद माझ्या हाताखालून यायचा, जाणारा तिच्या हाताखालून जायचा. रिटायर झाल्यावर मी आमच्या मंडळाची चिटणीस झाले आणि ती दर्पण कॉलनीची. दोन मंडळं एक करायची हे आम्ही डब्यातली पोळी खाताना ठरवलं होतं.

आणि नेमकं सभेतच बिनसलं. मी उठून म्हटलं, लीलाला आता विश्रांती द्या, तिच्या यजमानांना, गोपाळकृष्णभाऊजींना, जाऊन दोन वर्षं झाली तरी ती सावरलेली नाही. भल्यासाठीच बोलले मी! सगळ्यांनी माना डोलावल्या आणि तिच्या जागी कान्होजीराव इंगळ्यांना माझ्याबरोबर सहचिटणीस केलं. संध्याकाळी लीलाला फोन केला तर बोलण्यातून बोलणं वाढलं. हल्ली तिला फोनवर अर्धंच ऐकू येतं, उरलेलं ती मनाने भरते आणि मनात राग असला की रागाने भरते. शेवटी म्हणाली, "यापुढे जे काय असेल ते लेखी. फोन करायचा नाही, घरी यायचं नाही."

मी पण म्हटलं, लेखी तर लेखी! एक मात्र पक्कं केलंय. पहिलं पत्र मी लिहिणार नाही. आवक टेबल आपणहून कधी लिहीत नाही. कागद येऊ दे, नोंद होऊ दे, मग उत्तर.

१४ सप्टेंबर, बुधवार

मंडळाची ईमेलची पेटी आमच्या घरच्या कॉम्प्युटरवर बसवली. बसवायला कान्होजीराव स्वतः आले. सुभेदार होते, फौजेत सिग्नलमध्ये. मिशा पिळदार, पण बोलणं मऊ. दोन्ही मंडळांच्या याद्या एकत्र झाल्यामुळे तीनशे बारा सभासद, आणि प्रत्येकाला काही ना काही कळवायचंच असतं. पहिल्याच दिवशी अठ्ठ्याऐंशी मेल. मी एकेक उघडून बाजूला ठेवत होते तर म्हणाले, "ताई, एक-एक चिट्ठी हाताने काय उचलताय? रूल लावा ना."

रूल म्हणजे आपण प्रोग्रामला एकदा सांगून ठेवायचं की अमक्याचं पत्र आलं की अमक्या फोल्डरात टाक, विषयात तमका शब्द असला की तमक्या. मग तो न कंटाळता टाकत बसतो. अगं बाई! हे तर माझंच टेबल. एकतीस वर्षं मी हेच केलं, फक्त माझ्या हाताला शाई लागायची. दुपारपर्यंत अकरा रूल लावले. जेवायला हाक मारून मारून ह्यांचा घसा बसला.

संध्याकाळी लीलाचं पत्र आलं! वर लिहिलेलं: जा. क्र. १. जावक क्रमांक घातल्याशिवाय हिच्या हातून दुकानाची यादीसुद्धा जायची नाही. मजकूर एवढाच की कपाटाची किल्ली कान्होजीरावांकडे दिली आहे. खाली "आपली, लीला". आपली! तिसऱ्या माणसासारखं. वर नाव गोपाळकृष्णभाऊजींचं, कारण पत्ता त्यांचाच. आपल्याकडे घराला एक पत्ता, आणि तो यजमानांच्या नावाने. माझी पण पत्रं महिपतराव म्हणूनच जातात. भाचीने एकदा कळवलं होतं की काकांनी साबुदाण्याच्या पापडांची कृती फार छान लिहिली आहे. म्हणून मी वर बघतच नाही, पत्र कोणाचं ते खालची सही सांगते.

लीलाच्या पत्रांसाठी वेगळं आवक रजिस्टर घातलं. आ. क्र. १. उत्तर दिलं, "किल्ली मिळाली."

१७ सप्टेंबर, शनिवार

आज हसून हसून पोट दुखलं. पत्र पाठवणाऱ्याला पोच द्यायला हवी म्हणून मी रूल लावला होता की आलेल्या प्रत्येक पत्राला आपोआप उत्तर जावं, "आपला निरोप पोचला. आभारी आहोत." कान्होजीरावांनी पण स्वतःच्या पेटीवर तसाच लावला होता, शब्द थोडे वेगळे, "संदेश मिळाला. धन्यवाद." दुपारी त्यांनी मला एक ओळ लिहिली आणि मी वामकुक्षीला गेले. उठून बघते तर सहाशे चार पत्रं. माझी पेटी त्यांचे आभार मानतेय, त्यांची माझे, पुन्हा माझी त्यांचे. कोणी थांबायलाच तयार नाही.

हे म्हणाले, "आपलं लग्न ठरताना सुद्धा एवढा पत्रव्यवहार झाला नव्हता." कान्होजीराव फोनवर इतके ओशाळले की विचारू नका. दोघांनी रूल काढून टाकले.

लीलाचं जा. क्र. ३ आलं. भांड्यांची यादी, आणि अगदी शेवटी, "तुझी पाठ कशी आहे?" आपली वरून तुझीवर आली! मी लिहिलं, "यादी मिळाली. पाठ ठीक." मुद्दामच जास्त लिहिलं नाही, लगेच विरघळले असं वाटायला नको. अजून दोन-तीन पत्रांत गाडी रुळावर येईल.

१९ सप्टेंबर, सोमवार

सकाळी सकाळी फजिती. परवा मी सगळ्या यादीला एका झटक्यात कोजागिरीचं आमंत्रण पाठवलं होतं. आज जयसिंहरावांचा फोन, "काकू, आमच्या बाबांना आमंत्रण आलंय, सपत्नीक अवश्य येणे. बाबांना जाऊन चार वर्षं झाली. आई मेल उघडून बघतच राहिली." मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तेही ऐन पितृपक्षात!

लगेच दोन्ही मंडळांची जुनी रजिस्टरं काढली. ज्यांच्या नावापुढे लाल शाईने "कै." लिहिलंय अशी सव्वीस नावं निघाली. त्यांचे पत्ते काढून एक रूल केला. या पत्त्यांवर मंडळाचं आमंत्रण जायचं नाही म्हणून त्यांना यादीतून वगळलं, आणि त्या पत्त्यांवरून काही आलंच तर ते थेट "कैलासवासी" नावाच्या फोल्डरात, वाचलेलं अशी खूण होऊन. येणार कुठून म्हणा. पण एखादा भामटा गेलेल्या माणसाच्या नावाने जाहिराती पाठवत असला तर उगाच रोज जिवाला चटका नको. हा रूल सगळ्यांच्या वर ठेवला. हे म्हणाले, "वेळ अचूक साधलीस. काकस्पर्श पण त्यातूनच होईल का?" मी लक्ष दिलं नाही.

गोपाळकृष्णभाऊजींचा पत्ता टाकताना हात थांबला. डोळ्यांत पाणी आलं. किती हौशी माणूस! माझ्या हातच्या पुरणपोळीला नावं ठेवून चार खायचे. पण रजिस्टर म्हणजे रजिस्टर. टाकला. सव्वीसच्या सव्वीस टाकले आणि पेटी कशी स्वच्छ झाली.

२४ सप्टेंबर, शनिवार

लीलाचं पत्र नाही. आठवडा झाला. पाठ कशी आहे विचारलं, मी ठीक म्हटलं, तर पुढे काही विचारायला नको? रोज चार वेळा पेटी बघते. काही नाही.

आज फूलबागेत फिरताना कान्होजीराव भेटले. म्हणाले, "लीलाताईंच्या दारात खोकी दिसली, बरीच." मी म्हटलं, दिवाळीची साफसफाई काढली असेल, तिला दसऱ्याच्या आधीच उरकायची सवय आहे. साफसफाईला वेळ आहे, पत्राला नाही.

२९ सप्टेंबर, गुरुवार

काल घट बसले. देवळात मंदाताई भेटल्या, दर्पण कॉलनीतल्या, सूर्याजीरावांच्या पत्नी. मागच्या वर्षी ते गेले. गोड गळा आहे बाईंचा. मी आपणहून म्हटलं, कोजागिरीला गाणार ना? तर माझ्याकडे अशा बघायला लागल्या! "आता काय दोनदा विचारायचं तुम्हाला?" म्हणाल्या आणि निघून गेल्या. मी काय केलं बाई हिचं?

घरी येऊन कोजागिरीचा फोल्डर उघडला. येणार म्हणून नावं आली अठ्ठावन्न. त्यांत दर्पण कॉलनीच्या बायका किती? पाच. आता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. लीलाने तिकडच्या बायकांना फितवलंय! दुसरं काय? मंडळ एक झालं आणि तिचं पद गेलं, त्याचा राग असा काढतेय. एकतीस वर्षं हिच्याबरोबर डबा खाल्ला मी.

हे म्हणाले, "अगं, रूलमध्ये काही गडबड नाही ना?" म्हणून कान्होजीरावांना बोलावलं. त्यांनी समजावलं की रूल वरून खाली चालतात. "ताई, ये पहारे जैसा है. पहिल्या गेटवर ज्याला वळवलं तो पुढच्या गेटवर दिसतच नाही." बघता बघता एक गलती सापडली खरी. मी विषयात "दूध" असलं की "तक्रारी" फोल्डरात असा रूल केला होता, कारण गणपतीत दुधाच्याच तक्रारी फार. त्यामुळे कोजागिरीचं दूध मी आणते म्हणणाऱ्या तीन माणसांची पत्रं तक्रारींत जाऊन पडली होती. ती काढली. कान्होजीराव म्हणाले, "ऊपर से देख लेते हैं, सगळ्यात वरचा रूल कुठला?" मी म्हटलं, तो गेलेल्या माणसांचा आहे, त्यात काय बघायचं? ते पण म्हणाले, हो, त्यात काय बघायचं. दोघांनी चहा घेतला.

३ ऑक्टोबर, सोमवार

लिहू का मीच एक पत्र? आज दोनदा लिहायला घेतलं. "प्रिय लीला" एवढं लिहिलं आणि पुसलं. नाही. शेवटचं उत्तर माझं गेलंय, आता पाळी तिची आहे. सरळ नियम आहे.

करमत मात्र नाही. काल बेढई, इकडची डाळ भरलेली पुरी, आणली तर ह्यांनी पाच खाल्ल्या आणि मी एक. ती असती तर तीन मी खाल्ल्या असत्या आणि वरून तिला म्हटलं असतं, तेलकट आहेत.

६ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा

दरवर्षी सोनं द्यायला मी तिच्याकडे जाते. ती दोन वर्षांनी मोठी आहे. यंदा काय करावं? घरी यायचं नाही असं तीच म्हणाली होती. शेवटी आपट्याची पानं ह्यांच्या हाती पाठवली. हे स्कूटरवर गेले आणि वीस मिनिटांत परत. मी म्हटलं, बसलात नाही? तर म्हणाले, "बसायला खुर्चीच नव्हती."

बघा! एवढ्या वर्षांच्या ओळखीच्या माणसाला खुर्ची सुद्धा दिली नाही! मी विचारलं, काही म्हणाली? "सोनं घेतलं आणि म्हणाल्या, शालिनीचं उत्तर मिळालं." कसलं उत्तर? मी कोणतं उत्तर दिलं? ह्यांना विचारलं तर म्हणे, मला काय माहीत, मी पानं दिली. घरात काय दिसलं विचारलं तर म्हणे, काही दिसलं नाही, भिंती दिसल्या. रंग काढलाय वाटतं तिने. ऐन सणाला.

गोडाचं करूनही गोड लागलं नाही.

१० ऑक्टोबर, सोमवार, दुपारी दोन

घाईत लिहितेय. कान्होजीराव साडेबाराला आले, लीलाने त्यांच्या पेटीवर पाठवलेला कागद छापून घेऊन. त्यात तिने लिहिलेलं: दर्पण कॉलनी मंडळाची उरलेली दफ्तरं तुमच्या ताब्यात घ्यावीत, मी उद्या अकरा तारखेला दुपारच्या गाडीने पुण्याला मुलाकडे कायमची जात आहे. मी म्हटलं, काय? कायमची? ते म्हणाले, "म्हणजे तुम्हाला माहीत नाही?"

आणि मग माझी नजर वरच्या कोपऱ्यात गेली. जा. क्र. १९.

एकोणीस! माझ्या रजिस्टरला लीलाचं शेवटचं पत्र तीन आहे. एकतीस वर्षांत या बाईने एक क्रमांक कधी गाळला नाही. मग चार ते अठरा कुठे आहेत? पंधरा पत्रं गेली आहेत, जावक टेबलावरून निघाली आहेत, आणि आवकला पोचली नाहीत. मी उठलेच. कान्होजीरावांना म्हटलं, पहिलं गेट उघडा. सगळ्यात वरचं.

कैलासवासी. एक्केचाळीस पत्रं. सगळी वाचलेली अशी खूण करून, आणि एकही वाचलेलं नाही. मंदाताई, सुधाताई, जयसिंहरावांच्या आई. अकरा बायका! नवऱ्याच्या नावाच्या पत्त्यावरून लिहिणाऱ्या अकरा बायकांना मी सरळ कैलासाला पाठवलं. मी स्वतः महिपतराव म्हणून लिहिते आणि मला एवढं कळू नये!

आणि पंधरा पत्रं लीलाची. वाचली सगळी. रजिस्टरात चढवली. रिक्षा दारात आहे, बाकी आल्यावर.

११ ऑक्टोबर, मंगळवार, कोजागिरी, सकाळी नऊ

काल आल्यावर लिहायची ताकदच नव्हती. आता लिहिते. कॉम्प्युटर समोर चालू आहे.

आधी पत्रं. जा. क्र. ४ मध्ये लिहिलंय, पाठ ठीक म्हणजे दुखतेय, मी ओळखते तुला, तिळाचं तेल कोमट करून लाव. जा. क्र. ५: "त्या दिवशी मी जास्त बोलले. तू सगळ्यांसमोर मला खचलेली म्हणालीस ते लागलं, कारण ते खरं आहे. पण काम असलं की मी कमी खचते, हे तुला तरी कळायला हवं होतं." हे मी तीनदा वाचलं. जा. क्र. ७: "लक्ष्मीकांत म्हणतो, आता पुण्याला कायमची ये. मला ठरवता येत नाही. तू काय म्हणतेस, जाऊ का राहू? तू राहा म्हणालीस तर राहीन." तारीख बावीस सप्टेंबर. त्यानंतर जा. क्र. १० वर विषय लिहिलाय, स्मरणपत्र क्रमांक एक. जा. क्र. १३, स्मरणपत्र क्रमांक दोन. जा. क्र. १५: "आपले साहेब म्हणायचे, उत्तर न येणं हेही उत्तरच असतं. तिकीट काढायला सांगितलं." दसऱ्याच्या रात्रीचं जा. क्र. १७: "तू स्वतः आली नाहीस, पानं पाठवलीस. कळलं. महिपतरावांना बसायला खुर्ची नव्हती, सगळं बांधलंय, त्यांना माफी सांग." आणि जा. क्र. १८ एकाच ओळीचं: "माझी तुळस कोणाला देऊ?"

रिक्षात रजिस्टर मांडीवर घेऊन बसले होते आणि रडत होते. रिक्षावाला म्हणाला, "माताजी, अस्पताल चलें क्या?" मी म्हटलं, नहीं भैया, दर्पण कॉलोनी, और जल्दी.

लीला एका खोक्यावर बसली होती, दुसऱ्या खोक्यावर चिठ्ठी चिकटवत. मला बघून म्हणाली, "जे असेल ते लेखी ठरलं होतं."

"लेखीच आणलंय!" मी ओरडलेच, तिला ऐकू यावं म्हणून. रजिस्टर तिच्या मांडीवर ठेवलं. तिने चष्मा लावला. आ. क्र. ४, ५, ६, अशी अठरापर्यंत बोटाने खाली गेली. मग पोचल्याच्या तारखेच्या रकान्यावर बोट आलं आणि तिथेच थांबलं. जावक टेबलाला काही समजावून सांगावं लागत नाही.

"सगळी एकाच दिवशी?"

"एकाच दिवशी. आज. एक वाजता."

"मग इतके दिवस होती कुठे?"

"मी एक फोल्डर केला होता. गेलेल्या माणसांचा. तुझा पत्ता भाऊजींच्या नावाचा, म्हणून..."

लीलाने रजिस्टर मिटलं. मी मनात म्हटलं, आता ही मला बाहेर काढणार. आणि मग ती म्हणाली, "म्हणजे यांच्यापाशीच होती की!"

आणि हसायला लागली. खोकं डुगडुगलं इतकी हसली. "मी रोज तुला लिहितेय, आणि तू नेऊन देतेस यांना! स्मरणपत्रं पण यांनाच!" मग मी हसले, मग दोघी रडलो, मग पुन्हा हसलो. शेजारच्या उषाताई दारातून डोकावल्या आणि घाबरून परत गेल्या.

डोळे पुसून मी म्हटलं, हा पत्ता बदलून टाक आता, स्वतःच्या नावाचा घे, कान्होजीराव पाच मिनिटांत करून देतील. तर म्हणाली, "नाही बदलणार. पत्र गेलं की वर यांचं नाव जातं ना. दिवसातून एकदा तरी कुठेतरी यांचं नाव पोचतं."

पुढे म्हणाली, "आलीस ते बरं झालं. पण तिकीट झालंय, शालिनी. लक्ष्मीकांतने खोली रंगवून ठेवलीय." मी पेन काढलं. रजिस्टरात जा. क्र. ७ समोर उत्तराचा रकाना रिकामा होता. त्यात लिहिलं, "जाऊ नये." आणि सही केली.

तिने वाचलं. "कारण?"

"कारणाचा रकाना नाही."

"मग आखून घे."

मी समासात रेघ मारली, वर "कारण" लिहिलं आणि खाली लिहिलं, "मला करमत नाही. सभेत मी चुकले. जावक टेबल रिकामं आहे, ते दुसऱ्या कोणाला जमणार नाही." अक्षर वाकडंतिकडं आलं. तिने ते वाचलं, चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा वाचलं. हो म्हणाली नाही, नाही पण म्हणाली नाही. "विचार करते," म्हणाली, "उद्या कळवते. लेखी." बाई ती बाई!

निघताना मी अंगणातली तुळस कुंडीसकट उचलली. "हे काय?" म्हणाली. मी म्हटलं, अठराव्या पत्राचं उत्तर. कोणाला देऊ विचारलं होतंस ना, मला दे. पाठीतून कळ निघाली, पण नेऊन रिक्षात ठेवली.

सकाळपासून तुळस माझ्या खिडकीत आहे आणि मी पेटीसमोर. वरचा रूल काढून टाकला. वेळ घालवायला एकेका बाईला माफीचं पत्र लिहितेय. मंदाताईंनी तर पंधरा दिवसांपूर्वीच तीन गाणी कळवून ठेवली होती, पट्टीसकट. त्यांना फोनच केला. आधी रागावल्या, मग फोल्डरचं नाव ऐकून इतक्या हसल्या की म्हणाल्या, "सूर्याजींना गाणी आवडली का ते पण कळवा."

एक नवीन रूल केला, सगळ्यात वर. गोपाळकृष्णभाऊजींच्या पत्त्यावरून काही आलं की घंटी वाजली पाहिजे. मोठी.

दहा वाजले. काही नाही.

पावणेअकरा. गाडी तीन वाजून दहाला आहे. हे दोनदा चहा ठेवून गेले, थंड झाला. "जाऊन ये ना एकदा," म्हणाले. नाही जाणार. उत्तर तिचं यायचंय, आणि या वेळी मी ओढून घेणार नाही. तिला मुलाकडे जायचं असलं तर तिने जावं. मी स्टेशनवर जाईन, डबा करून देईन. आत्तापासून दशम्यांची कणीक भिजवायला हवी.

साडेअकरा. कणीक भिजवली.

बारा वाजून पाच मिनिटं.

घंटी! ह्यांच्या हातून कपच पडला. वर नाव गोपाळकृष्ण. जा. क्र. २०. विषय, तुळस. "तुळस तीनच्या आत परत आणून द्यावी, तिला दुपारचं ऊन लागतं. लक्ष्मीकांतला कळवलं आहे, तो दिवाळीला इकडे येतो. खोकी सोडायला कान्होजीरावांना घेऊन ये. रात्री दूध किती आटवायचं? तुझी, लीला."

नोंद केली. आ. क्र. १९. उत्तर लगेच लिहिलं, "दूध वीस लिटर. तुळस आणि दशम्या घेऊन निघालेच."